बोलीआधीचं नाम

रविवार, १७ डिसेंबर
आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही, म्हणून खरं तेच लिहायचं.
अलकापुरीतल्या आमच्या क्लबची ऑनलाइन ब्रिज स्पर्धा. मी आणि शालिनी पहिले. बायकोला पार्टनर करू नका, असं सगळे सांगत होते. मी तिला तीन वर्षं शिकवलं. माझ्या हातात काय पानं आहेत ते आता तिला नेमकं कळतं. याला म्हणतात शिकवणं.
नियम काटेकोर. एका घरातल्या जोडीने वेगळ्या खोल्यांत बसायचं. मी पुढच्या खोलीत, ती स्वयंपाकघरात. मधलं दार बंद. दारावरची झडप उघडी असते, पण ती फोडणीच्या धुरासाठी. नियमांत झडपेचा उल्लेख नाही.
बोलीआधी देवाचं नाव घेतो. गावच्या शाळेत मास्तर पाटीवर उत्तर लिहिण्याआधी घ्यायला लावत, तेही मोठ्याने. सवय राहिली. पानं चांगली आली की कृतज्ञतेने पूर्ण "दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा". भिकार आली की नुसतं "दत्त दत्त". देवाला उगाच कशाला शिणवायचं?

रविवार, २४ डिसेंबर
पुन्हा पहिले. तरी मन विटलं. लोकांना शिस्त नाही.
प्रतापसिंहराव पास म्हणायला मिनिटभर लावतात. एवढ्या वेळात त्यांच्या पार्टनरला, म्हणजे त्यांच्या बहिणीला, अहल्याबाईंना, कळतंच की हातात काहीतरी आहे. पार्टनरला फक्त बोलीतून कळलं पाहिजे. बाकी सगळी चोरी. चार वेळा डायरेक्टर हार्दिकभाईंना बोलावलं. चारही वेळा माझं बरोबर होतं. तीनदा निकाल माझ्याविरुद्ध गेला. शेवटी त्यांनी लिहिलं, "रमवा दो ने, साहेब." म्हणजे खेळू द्या की!
अहल्याबाईंना चॅटमध्ये शिष्टाचाराचे दोन नियम समजावले. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. शेजारी हसरा चेहरा कशाला?

रविवार, ७ जानेवारी
महिनाअखेर क्लबच्या संघात चार जण निवडणार. फेब्रुवारीत अहमदाबादला समोरासमोर सामने. संघाची नावं क्लबच्या फळ्यावर लागतात.
वाघोडियाच्या कारखान्यात इतकी वर्षं काढली. माझं नाव लिहिलेलं फक्त हजेरीच्या मशीनवर दिसतं. फळ्यावर ते आलं पाहिजे. मोह नाही हा. नियमाने वागणाऱ्याचं नाव चार लोकांना दिसलं तर समाजाचंच भलं.

रविवार, १४ जानेवारी
उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. आमच्या रावपुऱ्यातल्या सगळ्या गच्च्यांवर पतंग, लाउडस्पीकर, आणि दर मिनिटाला "काप्यो छे!"
शेवटून पहिले.
माझ्याकडे एक गुलाम सोडला तर काही नव्हतं. शालिनी बदामाच्या स्लॅमवर, म्हणजे तेरापैकी बारा हात करायच्या बोलीवर, चढली. पुढच्या डावात माझ्याकडे तीन एक्के, तर बाई पास. खेळ संपल्यावर जाब विचारला. म्हणाली, आज काही ऐकूच येत नव्हतं हो. ब्रिज डोळ्यांनी खेळतात, कानांनी नाही, असं सुनावलं. तिने उंधियू माझ्यापुढे ठेवलं आणि गच्चीवर निघून गेली. लक्ष सगळं पतंगात.
एवढ्या गोंगाटात ती भाऊबहीण मात्र पहिली. कशी?

मंगळवार, १६ जानेवारी
विचार केला. दोघं एकाच बंगल्यात राहतात. उत्तर तिथेच आहे.
हार्दिकभाईंना रीतसर तक्रार पाठवली. एका घरातल्या जोड्यांनी माइक चालू ठेवून खेळावं, डायरेक्टरला सगळं ऐकू जावं, रेकॉर्डिंग व्हावं. धर्माने वागणाऱ्याला कसली भीती?

गुरुवार, १८ जानेवारी
सूचना मान्य! प्रतापसिंहराव ग्रुपवर म्हणाले, हे कधीच व्हायला हवं होतं. चोरांचा धीटपणा बघा.
रात्री जेवताना शालिनी म्हणाली, तुम्ही नाव मनात घ्याल का आता? देवाचं नाव लपवायची वेळ माझ्यावर आलेली नाही, असं सांगितलं. म्हणाली, बरं बाई, मग तुमचं तुम्ही बघा.

रविवार, २१ जानेवारी
पहिले. आज आवाज मुद्दाम खणखणीत लावला होता. हार्दिकभाईंच्या कानावर चार चांगले शब्द पडले तर बिघडलं कुठे?

मंगळवार, २३ जानेवारी
हार्दिकभाईंचा फोन. आधी हसत होते, नंतर हसले नाहीत. लांब दिगंबरा आला की शालिनीबेन बोली चढवतात. दत्त दत्त आलं की पास. रेकॉर्डिंगमध्ये एकदाही चूक नाही म्हणे. आमचे गुण रद्द. भाऊबहिणीच्या माइकवर फक्त पंख्याचा आवाज.
मी म्हटलं, ते देवासाठी होतं. तर म्हणतात, "भगवाननो वांधो नथी, साहेब. पार्टनर सांभळे छे एनो वांधो छे." पार्टनर ऐकतो, ही यांची हरकत!
शालिनीला विचारलं, तू ऐकत होतीस? म्हणाली, इश्श, मग काय कान कापून ठेवू? पगारवाढ झाली की नाही तेही तुम्ही जिन्यात दत्त कसं म्हणता त्यावरून कळतं मला. यात चोरी कसली?
म्हणजे दोष तिच्या कानांचा. माझं नाम निर्मळच आहे.

रविवार, २८ जानेवारी
नाम मनात. ओठही हलू दिले नाहीत.
शेवटचे.
तीन वर्षं शिकवलं त्याचं हे फळ का, असं विचारलं. ती ओटा पुसत होती. म्हणाली, तुम्ही शिकवलं तेवढंच आज खेळले.

बुधवार, ३१ जानेवारी
संघ जाहीर. प्रतापसिंहराव, क्लबातले एक भास्करराव, अहल्याबाई, शालिनी.
अहल्याबाईंनी स्वतः तिला मागून घेतलं. म्हणे बोली राहू द्या, ती पानं फार सुंदर खेळते. हे मला आजवर कोणी सांगितलं नाही. मीही पाहिलं नाही, कारण तिची डमी होऊन, म्हणजे माझी पानं उघडी मांडून, बसलो की मी नियमावली वाचत असे.
तत्त्वाचा प्रश्न म्हणून तिने नकार द्यावा, असं सुचवलं. म्हणाली, तुमच्या तत्त्वाला बेसन लाडू करून ठेवते, पण मी जाणार.

रविवार, ११ फेब्रुवारी
ती पहाटेच गाडीने अहमदाबादला गेली. तुम्हीही बघायला चला, म्हणाली होती. तत्त्व म्हणून गेलो नाही.
ऑनलाइन बसलो. पार्टनर न मिळाल्यास रोबो मिळतो. उत्तम सोय. रोबो रेंगाळत नाही, उलट बोलत नाही, पतंग उडवत नाही. नियमाने वागणाऱ्याला हाच पार्टनर शोभतो. आधीच का नाही सुचलं?
पहिलाच हात. चार एक्के, इस्पिकचा राजा, राणी. असा हात जन्मात आला नव्हता. स्वयंपाकघरात कोणी नाही, माइकची सक्ती नाही. मग मोठ्याने, पूर्ण म्हटलं. झडपेकडे तोंड करून आणखी एकदा म्हटलं. मग बोली लावली.
रोबो पास.