किशाच्या मिशीचा नवस

चि. किशोर यास नवनाथदादाचा आशीर्वाद. पत्रात आधी आपली खुशाली कळवून मग समोरच्याची विचारायची असते, म्हणून कळवतो की आई बरी आहे, गिरणी चालू आहे, शेळी व्यायली. तुझी विचारायची सोय नाही, कारण तू तोंडात नळी घालून मस्कतच्या दवाखान्यात झोपलायस आणि कुणाच्या हाकेला ओ देत नाहीस. (भाग्यश्री, हे जरा खडसावून वाच. तूच म्हणालीस ना, मी बोलायला लागले की रडू येतं, दादा तुम्हीच काहीतरी रागावून लिहून पाठवा, बायकोचं ऐकत नसले तरी तुमचा ओरडा ओळखतील. तर कंसातलं तुझ्यासाठी आणि बाकीचं त्याच्या कानात. ती केरळची नर्स म्हणते ना त्याला ऐकू जातं, मग जाऊ दे.)

तर किशा, इथे गावी असताना नुसती शिंक आली तरी गोधडी ओढून बायकोकडून काढा मागवणारा माणूस तू. तिकडे परमुलखात जाऊन एवढा शूर कधी झालास की ताप अंगावर काढून छाती भरेपर्यंत वेल्डिंग करत बसलास? कुणाला दाखवायचं होतं? आता डॉक्टर म्हणतात, परवा झोपेचं औषध कमी करून बघू, आपणहून श्वास घेतो का. बघू म्हणे! अरे, त्यात बघायचं काय आहे, घ्यायचा श्वास. लहानपणी पोशीर नदीत बुडी मारून मला घाबरवायचास, तेव्हा वर येऊन हसायचास ना, तसा घ्यायचा. (इथे थोडी थांब. पापणी हलते का बघ. नसेल हलत तर पुढे वाच, घाबरू नकोस. मी घाबरलोय तेवढं पुरे आहे.)

तू आजारी पडल्याचं कळल्यावर बाबांच्या जागी असलेले आपले पोपटकाका आम्हाला गावदेवीला घेऊन गेले. नंदानं लगेच बोकड कबूल केला. (माझ्या बायकोला कुठल्याही संकटात आधी बोकडच आठवतो.) काका म्हणाले, बोकड तुमच्या आवडीचा, देवीला आजाऱ्याच्या जिवाभावाची वस्तू द्यायची असते. मग आम्ही सगळे विचारात पडलो. तुला जिवाभावाचं काय? भाग्यश्री, पण ती काही देता येत नाही. शेवटी आईच म्हणाली, "त्याची मिशी." सगळ्यांना एकदम पटलं. लग्नात हळद लागू नये म्हणून रुमाल धरून बसला होतास त्या मिशीवर. मी नारळ ठेवून बोललो, देवीआई, किशाला उठव, तो येऊन तुझ्या पायरीवर मिशी उतरवील.

दुसऱ्याच दिवशी भाग्यश्रीचा फोटो आला आणि त्यात तुला मिशीच नाही! नळीची पट्टी चिकटत नाही म्हणून नर्सबाईंनी सफाचट केलेली. तुझ्या अंगाला लावलेल्या त्या सगळ्या नळ्या बघून हाय खायची, ते सोडून आमच्या घरात एकच आरडाओरडा, देवीची वस्तू परस्पर गेली! काका तर मटकन खालीच बसले. मग त्यांनी तोड काढली की घरातली दुसरी मिशी तारण म्हणून लगेच उतरवायची. दुसरी म्हणजे माझी. (काकांना स्वतःला मिशी नाही, म्हणून तोड चटकन सुचली.)

गेलो मुकाट्यानं कर्जतला विठू न्हाव्याच्या दुकानात. विठूनंही काही विचारलं नाही, नुसता सुस्कारा सोडला. तिथेच मला कळायला हवं होतं. परतीच्या टमटममध्ये शेजारच्या वाडीचा सखा भेटला. माझ्या तोंडाकडे बघितलं, डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच म्हणाला, "किशासाठी?" मी म्हटलं, "हो रं, किशासाठीच." आणि नेमकं तोंड फिरवून बाहेर बघायला लागलो. देवाशपथ, एवढंच बोललो. घरात एवढी डोकी, पण एकालाही सुचलं नव्हतं की घरात आजारी माणूस असताना मिशी उतरवून गावात फिरलं की लोक काय समजतात.

सखा फाट्यावर उतरला आणि त्यानं आपल्या गावात फोन लावला. मी गिरणीवर एक फेरी मारून घरी पोचेपर्यंत अंगणात बायका तोंडाला पदर लावून बसलेल्या, पुरुष माना खाली घालून उभे, शेजारची हर्षलावहिनी पिठलं-भाकरीचं टोपलं घेऊन आलेली, कारण आपल्या घरी आज चूल पेटणार नाही! आई ओट्यावर तांदूळ पाखडत होती. सूप हातात तसंच धरून ती माझ्या ओठाकडे बघत राहिली. "नवनाथ, काय झालं रं?" मी ओरडलो, अरे बाबांनो, किशा जिता हाय, ही नवसाची मिशी हाय! कुणाचा विश्वास बसेना. काका पुढे होऊन समजावायला लागले तर लोक त्यांनाच धरून रडायला लागले.

मग मी सगळ्यांसमोर भाग्यश्रीला फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला. नाही उचलला. किशा, तुला खरं सांगतो, तिसऱ्यांदा लावायचा मला धीर झाला नाही. लोकांना ओरडून सांगत होतो जिता हाय, आणि मनात वाटायला लागलं, ह्यांना माझ्याआधी कळलं की काय? आईनं सूप खाली ठेवलं आणि माझ्या सदऱ्याचा कोपरा धरला, लहान पोर धरतं तसा. (भाग्यश्री, तू आत त्याच्याजवळ होतीस, फोन बाहेर ठेवावा लागतो, मला माहीत आहे. तेव्हा आठवलं नाही.) मग तुझ्या बायकोचा फोन आला. "दादा, आत होते." मी विचारलं, "हाय ना?" ती म्हणाली, "हायेत." आई तिथेच बसली. बायकांनी पदर खाली घेतले आणि पुन्हा रडायला लागल्या, ह्या वेळी नीट. पिठलं गरम होतं, परत कसं पाठवायचं, म्हणून सगळ्यांनी मिळून खाल्लं. मलाही भूक लागली होती, लाज वाटली तरी खाल्लं.

तर आता श्वास घे आणि ऊठ. तुझ्यावर फार राग आहे माझा आणि तो मला तोंडावर काढायचाय.

तुझा,
नवनाथदादा

ता. क. आई म्हणते, रागावून लिहू नको, त्याला सांग तुझी आठवण येते. सांगितलं.

ता. क. (भाग्यश्री, हे फक्त तुझ्यासाठी. माझा पासपोर्ट आला, व्हिसाचं तू तिकडे बघतेयस, म्हणालीस कधी यायचं ते कळवते. तेवढं एक ऐक. बाबा गेले तेव्हा मला खोपोलीच्या कारखान्यात निरोप आला होता, तब्येत जास्त आहे, या. आपल्याकडे असंच कळवतात. फोनवर कुणी स्पष्ट बोलत नाही. म्हणून तू मला नुसतं 'या' असं लिहू नकोस गं. परवा तो उठला की लिही, पीठ घेऊन या, सुकट घेऊन या, काहीही घेऊन या लिही. मी पिशवी काढून ठेवलीय.)