बारा जागांपैकी एक माझी

१ जुलै, सकाळी ६.१०
आजपासून कॉलेज. फर्स्ट इयर. माझं वय एकोणपन्नास. पण वय हा शरीरशास्त्राचा विषय आहे आणि मी कला शाखेत आहे.
सतराव्या वर्षापर्यंत पाठशाळेत शब्दरूपं घोकली. मग एकतीस वर्षं एका दैनिकाचा वार्ताहर. मार्चमध्ये आमची कचेरी बंद झाली. मालक म्हणाले, हल्ली लोक बातम्या परस्पर एकमेकांना पाठवतात, मध्ये आपण कशाला? ‘कोऽहम्’ हा प्रश्न मला डेडलाइनच्या गडबडीत कधी पडला नव्हता, तो एप्रिलमध्ये पडला. उत्तर मेमध्येच मिळालं: मी लेखक. आता फक्त कागदोपत्री नोंद व्हायची बाकी आहे.
पहिली सहामाही सगळं शिकायचं. नोव्हेंबरमध्ये शाखांच्या याद्या लागतात. लेखन शाखेत बारा जागा. एक माझी. उरलेल्या अकरांसाठी मुलांनी काय ते भांडावं.

१ जुलै, संध्याकाळी
वर्गात शिरलो तर सगळे उभे राहिले. ‘बसा’ म्हणालो आणि मागच्या बेंचवर जाऊन बसलो. तेव्हा जो हशा झाला, तो आदरयुक्त होता.

४ जुलै
‘स्वओळख आणि व्यवसाय’ हा विषय सक्तीचा आहे. शिकवणाऱ्या बाई माझ्या भाचीच्या वयाच्या. म्हणाल्या, स्वतःबद्दल कुणी लिहायचं नाही, स्वतःबद्दल सगळे खोटं लिहितात. प्रत्येकाने जोडीदाराबद्दल लिहायचं. आणि लेखन शाखेची यादी मी या पानांवरूनच करणार.
रोल नंबरप्रमाणे जोड्या लागल्या. माझ्या वाट्याला अठरा वर्षांची एक मुलगी आली आहे. मी माझा परिचय वीस मिनिटांत आटोपला. तिने तिचा एका शब्दात: ‘हो.’ मी तिचं नाव मौनी ठेवलं. संस्कृतात द्विवचन वेगळं ठेवलंय ते उगाच नाही. जोडीचं दुःख त्या लोकांना कळलं होतं.

११ जुलै
पहिलं पान: जोडीदाराची एक सवय. मी ‘मौन: एक चिंतन’ लिहिलं. पाच पानं झाली.
मौनीने चार ओळी लिहिल्या. काका पेनाचं टोपण काढतात आणि बोलायला लागतात. बोलून झालं की टोपण लावतात. लिहायचं राहून जातं. टोपण मात्र झिजलंय.
वर्ग हसला. बाईंनी तिच्या पानावर ‘वा!’ असं लिहिलं. माझ्या पानावर लिहिलं, ‘यात जोडीदार कुठे आहे?’ प्रश्न गहन आहे. उत्तर लिहायला घेतलं आहे.

१९ जुलै
आजपर्यंत बाईंनी मौनीची स्तुती सहा वेळा केली, माझी एकदा (खिडकी लावली तेव्हा). ही नोंद केवळ माहितीसाठी. मत्सर हा सहावा रिपू. पहिल्या तिघांशी माझी तोंडओळख आहे, सहाव्यापर्यंत मी कधी पोचलोच नाही.

२ ऑगस्ट
मौनी ज्या पेनने लिहिते ते पेन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. दोन आणली. लेखणी गौण असते हे सिद्ध करायचं आहे.
संकल्प: यापुढे चारच ओळी.

३ ऑगस्ट
चौथ्या ओळीपर्यंत विषयाला हातच लागला नव्हता. सहाव्या पानावर थांबलो.

८ ऑगस्ट
कॅन्टीनमध्ये मौनीला लेखनाबद्दल चार गोष्टी सांगितल्या. तिने मागितल्या नव्हत्या, पण न मागता मिळतं त्यालाच ज्ञान म्हणतात. चहा संपवून तिने पहिल्यांदाच आपणहून विचारलं, काका, तुम्ही इतक्या बातम्या लिहिल्यात, मग सगळ्या ठिकाणी जायचात?
मी धंद्यातलं मर्म सांगितलं. संध्याकाळच्या समारंभाची बातमी दुपारी चारपर्यंत द्यावी लागे. मग निमंत्रणपत्रिका समोर ठेवायची आणि लिहायचं: प्रमुख पाहुण्यांनी मौलिक मार्गदर्शन केलं, कार्यक्रम उत्साहात पार पडला. एकतीस वर्षांत माझा एकही कार्यक्रम निरुत्साहात पार पडलेला नाही.
तिने विचारलं, आणि रद्द झाला तर?
मी म्हणालो, तोही उत्साहात.
हसली. खूप वेळ हसली. मलाही बरं वाटलं. घरी आल्यावर शंका आली.

२० ऑगस्ट
मोठी असाइनमेंट जाहीर. जोडीदाराच्या घरातल्या एका माणसाबरोबर त्याच्या कामावर एक अख्खा दिवस काढायचा आणि लिहायचं. यादी मुख्यतः यावर ठरणार.
मौनीचे वडील लिफ्ट मेकॅनिक आहेत. मी त्यांच्याकडे जायचं. मौनीने आमच्याकडे यायचं. आमच्या घरात सध्या काम करणारी व्यक्ती एकच: सौ. ती मागच्या खोलीत तीन डेंटिस्टांसाठी कवळ्या बनवते. मी बाईंना समजावलं की कवळीत काय आहे, दात आहेत. त्यापेक्षा मुलीने माझ्याकडून पत्रकारितेची तीन दशकं समजून घ्यावीत. बाई म्हणाल्या, कवळीच.

२७ ऑगस्ट
मौनी सकाळी नऊला आली आणि थेट मागच्या खोलीत गेली. मी दिवसभरात तीनदाच दारात गेलो. एकदा साखर कुठे आहे विचारायला, एकदा चष्मा कुठे आहे विचारायला (डोळ्यांवर होता), एकदा त्यांना काही माहिती हवी आहे का विचारायला. नको होती.
अकराच्या सुमारास आतून हसण्याचा आवाज आला. वाटलं, रेडिओ लावलाय. सौ. हसत होती. बावीस वर्षांच्या संसारात हा आवाज माझ्या कानावरून गेलेला नाही.
संध्याकाळी मौनी नखांत कवळीच्या साच्याचं मेण घेऊन गेली. सौ. म्हणाली, पोरीचा हात फार स्थिर आहे. मला मिळालेली तिची शेवटची शाबासकी आठवून पाहिली. ‘उंच आहात ते बरंय, तो वरचा डबा काढा.’ साल आठवत नाही.

२ सप्टेंबर, दुपारी ३
उद्या नऊला माझा दिवस. नव्या वसाहतीत, चार नंबरच्या इमारतीत.
आजच लिहून टाकलं. शीर्षक ‘चढउतार’. सात पानं. तेलकट हात, निरागस डोळे, बटणांवर उजळणारे आकडे. आणि मग ‘लिफ्ट सर्रकन नवव्या मजल्यावर गेली, जणू माणसाची आकांक्षाच.’ स्वतःलाच भरून आलं.
आता इतकं पक्कं लिहून झाल्यावर प्रत्यक्ष जाणं म्हणजे सत्याला लुडबूड करू देणं. शिवाय गुडघा.

३ सप्टेंबर
घरीच. ‘सर्रकन’ काढून ‘सुळ्ळकन’ केलं. ही सुधारणा घटनास्थळी सुचली नसती.

१२ सप्टेंबर
वाचन झालं. आधी मौनी.
तिने लिहिलं होतं: कवळी करायच्या आधी काकू फोटो मागतात. तोंडात दात होते तेव्हाचा, हसतानाचा. पुष्कळांकडे तसा फोटो नसतो. मग काकू घरच्यांना बोलावून विचारतात, हे हसायचे कसे? कुणी म्हणतं, ओठ दाबून. कुणी म्हणतं, एका बाजूने. एका म्हातारबांच्या मुलाला आठवेचना. तो उठला आणि म्हणाला, थांबा, आईला विचारून येतो. पुढचे सहा दात काकू त्या उत्तरावरून लावतात. एक दात त्यांनी मुद्दाम जरा वाकडा लावला. त्या माणसाचा तसाच होता म्हणे.
आणि मी? एका वाक्यात. काका तीनदा दारात आले, आणि तिन्ही वेळा काकूंनी दात खाली ठेवून उत्तर दिलं.
बाईंनी चष्मा पुसला. माझ्याही डोळ्यांत काहीतरी गेलं. वर्ग नीट झाडत नाहीत.
मग बाईंनी ‘चढउतार’ वाचायला घेतलं. ‘सुळ्ळकन’पाशी पुढच्या बेंचवरचा एक मुलगा म्हणाला, तीन तारखेला? त्या वसाहतीत तीन तारखेला दिवसभर लाइट नव्हती. माझी मावशी भाजीच्या पिशव्या घेऊन सहा मजले चढली, अजून पाय दाबून घेतेय.
बाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी मौनीकडे पाहिलं. तिने एक शब्द उच्चारला असता तर मी संपलो होतो. ती खाली वहीकडे बघत राहिली.
पाहा म्हणजे झालं. मोठेपणा दाखवायची संधीसुद्धा तिने माझ्यासाठी ठेवली नाही.

१३ सप्टेंबर
जिन्यात मौनी भेटली. म्हणाली, काका, बाबा तुमच्यासाठी जास्तीचं हेल्मेट मागून घेऊन गेले होते. लाइट नव्हती तरी नऊ ते एक खालच्या पायरीवर बसून होते. म्हणाले, पत्रकार माणूस आहे, येणारच.
मी गुडघा चोळू लागलो.
म्हणाली, मी त्यांना तुमचं वाचून दाखवलं. म्हणाले, छान लिहिलंय गं; फक्त लाइट नसताना लिफ्ट अशी वर जात असेल तर मला कामावर कशाला ठेवलंय, तेवढं विचार.
मी तिला वास्तव आणि साहित्यातलं सत्य यांतला फरक सांगू लागलो. ती म्हणाली, तुम्हाला दाखवायला त्यांनी लिफ्टच्या झिजलेल्या दोराचे तुकडे ठेवलेत. या कधीतरी.
जाणार. पुढच्या रविवारी.

१७ सप्टेंबर
आज सौ.ला विचारलं, तू हसतानाचे फोटो मागतेस हे मला कधी सांगितलं नाहीस? म्हणाली, सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा कुणाच्या तरी सत्काराची बातमी लिहीत होतात. ‘उत्साहात’ म्हणालात.

२१ सप्टेंबर
रविवार. ढग होते. गेलो नाही.

२८ सप्टेंबर
रविवार. ढग नव्हते. ऊन फार.

११ ऑक्टोबर
मौनी आता दर शनिवारी येते. असाइनमेंट संपून महिना झाला. सौ.ने तिच्यासाठी उंच स्टूल आणलं आहे. दोघी एकाच दिव्याखाली बसतात आणि तासन्‌तास बोलत नाहीत. मी बैठकीत बसून ते न बोलणं ऐकतो.
मी सहज विचारलं, मी शिकलो असतो तर? सौ. म्हणाली, तुम्हाला या खोलीचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते तरी माहितीय का?
आत.
(बाहेर उघडतं. आता पाहून आलो.)

१७ ऑक्टोबर
जोडीदारावर शेवटचं पान. ठरवलं की या खेपेला खरं लिहायचं. दोन तास बसलो. मौनीबद्दल मला काय माहीत आहे याची यादी केली. पेन. वही. वडील पायरीवर बसले होते. एवढंच. चौथी ओळ सुचेना. तीन ओळी दिल्या.
बाईंनी काही शेरा मारला नाही. माझ्या पानांवर शेरा नसण्याची ही पहिलीच वेळ. शब्द सुचले नसावेत.

३ नोव्हेंबर, सकाळी ११.३०
यादी लागली.
पहिलं नाव मौनीचं. त्यानंतर अकरा नावं. दोनदा वाचली, मग कागदाच्या मागे काही आहे का ते पाहिलं. शिपाई म्हणाला, काका, नोटीस बोर्डाला मागची बाजू नसते.
अगदी खाली: प्रतीक्षा यादी. क्रमांक एक, मी. क्रमांक दोन नाहीच.
म्हणजे मी तेरावा नव्हे. एका स्वतंत्र यादीत मी सर्वप्रथम आहे. मौनी तिच्या यादीत पहिली, मी माझ्या. सौ.ला असं समजावलं. ती म्हणाली, जेवून घ्या.
जेवलो नाही. बारांतल्या प्रत्येकाचा चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि त्याला एखादी चांगली, दूरच्या गावची नोकरी लागावी अशी सदिच्छा व्यक्त केली. मौनीसाठी सगळ्यात दूरची.

५ नोव्हेंबर
सदिच्छा फळली! मौनीने जागा सोडली. तिला कवळ्या करायच्या आहेत. दोन वर्षांचा रीतसर डिप्लोमा आहे, तो करणार आणि रोज दुपारी सौ.कडे हाताखाली शिकणार. पहिली जागा मिळाली आणि सोडली! लोक जेवताना लोणचं बाजूला सारतात तशी.
थोडा राग आला. जिच्यासाठी मी चार महिने झुरलो (अभ्यासपूर्वक), ती गोष्ट तिला नकोच होती. पण मोठ्या मनाने क्षमा केली, कारण जागा आता माझी.
शेजाऱ्यांना सांगितलं. लायब्ररियनला सांगितलं. शिपायाला सांगितलं. गुणवत्ता कधी ना कधी वर येतेच.

६ नोव्हेंबर, दुपारी १
फॉर्मवर सही घ्यायला बाईंकडे गेलो. आभाराचं छोटेखानी भाषण तयार होतं, तीन परिच्छेद. पहिल्याच परिच्छेदात बाई म्हणाल्या, आभार माझे नकोत.
म्हणाल्या, मौनीने मला आधीच सांगितलं होतं की ती येणार नाही. तरी नाव पहिलं लावलं, ते तिच्या हक्काचं होतं. मग तिच्या जागी कुणाला घ्यावं ते माझं ठरेना. तिलाच विचारलं. ती म्हणाली, काकांना घ्या.
मला गहिवरून आलं. शेवटी एका लेखकाला दुसऱ्याने ओळखलं. मी विचारलं, माझ्या लेखनाबद्दल नेमकं काय म्हणाली?
बाईंनी पेन शोधायला जरा जास्तच वेळ लावला. म्हणाल्या, मीही तेच विचारलं. म्हटलं, काका बरं लिहितात असं वाटतं का तुला? ती म्हणाली, ते मला नाही सांगता येणार, मॅडम. पण काका दिवसभर घरी असले की काकूंना आणि मला काम करता येत नाही.
बाईंनी सही केली. लेखन शाखेचे तास सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. मौनीने आधी वेळापत्रक पाहून घेतलं होतं.