जावई दुसऱ्या अंकात मरतो

लीड्स

तीर्थरूप दादासाहेबांच्या पायांशी धाकट्या अरुणाचा नमस्कार. तुमच्या गुडघ्याची सूज आणि वहिनींचा राग, दोन्ही आता उतरले असतील असं धरून चालते. इकडे आम्ही ठीक. हीटिंग बिघडलंय, पण ह्यांची कुरकुर चालू आहे, म्हणजे तब्येत उत्तम.

आमच्या ईशिताने पसंत केलेला रूपर्ट नट आहे हे कळलं, पण पंधरा वर्षांत त्याने केलं काय, असं तुम्ही विचारलंत. सरळ सांगते. मेला. (तो स्वतः ठणठणीत आहे.) डिटेक्टिव्ह मालिकांत सुरुवातीलाच नदीकाठी जो सापडतो, तो रूपर्ट. नाटकांत त्याला दुसऱ्या अंकात भोसकतात. इन्शुरन्सच्या जाहिरातीत काम मिळालं, तर तिथेही तो भिंतीवरचा फोटो. हार तेवढा नव्हता. मध्यंतरी त्याची नवी मालिका लागली म्हणून मी कौतुकाने मराठी मंडळातल्या चौघांना घरी बोलावलं. बटाटेवडे तळून बाहेर आणेपर्यंत जावईबापू (होणारे) गेलेले. मग सगळे गंभीरपणे वडे खात त्याचा खुनी शोधत बसले, आणि निघताना सीमाताईंनी माझा हात हातात घेऊन, काही लागलं तर सांग हं, म्हटलं.

मीही तुमच्याइतकीच नाराज होते, लपवत नाही. पोरीने डॉक्टर होऊन रोज मरणाऱ्याला का निवडावं? म्हणून त्याचं नाटक इथे आलं तेव्हा ईशिताबरोबर मी गेले ती खोड काढायलाच. रूपर्ट शिपाई होता. लढाईला निघताना स्टेजवरच्या म्हाताऱ्या आईला इंग्रजीत म्हणाला, मी जातो. दादासाहेब, आपल्या घरात दाराशी उभं राहून हा शब्द कोणी कधी उच्चारलाय का? तिसऱ्या रांगेतून माझ्या तोंडून खणखणीत निघालं, "जातो काय? येतो म्हण."

सगळं थिएटर वळलं. ईशिता खुर्चीखाली शिरायच्या बेतात होती. रूपर्ट थांबला. (आमच्याकडे जेवायला येऊन येऊन तेवढं मराठी त्याला येतं.) त्या आईला सोडून माझ्याकडे वळला, मान खाली घातली, "येतो, आई" म्हणाला आणि गेला. कोणी हसलं नाही. पुढे त्याला मारलं तेव्हा मी इतकी रडले की शेजारच्या गोऱ्या बाईंनी टिशूचं पाकीटच माझ्या मांडीवर ठेवलं. डायरेक्टरने त्याला नंतर चांगलाच झापला म्हणे. मला मात्र पोरगा त्या दिवशी मनापासून आवडला.

वहिनींना नमस्कार, आणि गुडघ्याला शेक घेत जा.

तुमची
अरुणा

ता. क. लग्न मे महिन्यात, इथल्या कम्युनिटी हॉलमध्ये. मुलीमागे मामा उभा लागतो, आणि तिला मामा एकच आहे. तिकिटं आम्ही काढतो.

आणखी एक ता. क. खरं म्हणजे कौन्सिलमध्ये त्यांचं रजिस्टर लग्न गेल्या आठवड्यातच झालं. साक्षीदार म्हणून सही माझी. रागवा, पण येऊन रागवा. मामा मागे उभा राहत नाही तोवर ईशिताला लग्न झाल्यासारखंच वाटत नाहीये. ती हे मनातलं तुम्हाला कधी कळवणार नाही. मलाही तिने नाही सांगितलं, रूपर्टने सांगितलं.