मोकळी नसलेली जागा

मी, अमृत सहादू गमे, वय अठ्ठ्याहत्तर, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा निवृत्त कारकून, राहणार राहाता, जिल्हा अहिल्यानगर, कोणाच्या भरीला न पडता, राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे चिरंजीव नितीन गेल्या आठवड्यापासून ‘दादांचं डोकं फिरलंय’ असे सांगत हिंडत आहेत. म्हणून बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे, वडिलोपार्जित नाही. ते नितीनला द्यावे. स्लॅब गळतो, तोही त्यालाच. बँकेतली ठेव आणि तिच्या आईचे दागिने मुलगी जयमाला हिला द्यावेत. यापलीकडे दोघांनी माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नये. मी त्यांच्याकडून ठेवणे सोडले आहे.

२. आता घरामागची जागा. नगरपालिकेच्या उताऱ्यावर ती ‘मागील मोकळी जागा’ अशी लागली आहे. हा शब्द मला मान्य नाही, पण वकील म्हणाले, दस्तात उताऱ्याप्रमाणेच लिहावे लागते. ती आमची परसबाग होती. घराचा पाया खणायच्या आधी माझी पत्नी कै. साळूबाई हिने तिथे कारल्याचा वेल लावला होता. चैत्र लागला की आम्ही वाफ्यांत उसाचे पाचट अंथरायचो, कोथिंबिरीवर जुन्या लुगड्याची सावली बांधायचो आणि दिवस कलला की पाणी द्यायचो. तापलेली माती पाणी पिताना कसा आवाज करते, हे ज्याने ऐकले नाही त्याला उन्हाळा म्हणजे नुसता घाम वाटतो. मी झारी धरून शाळेतल्या कविता म्हणायचो. दुसरीपासून सातवीपर्यंतच्या सगळ्या मला अजून चालीसकट येतात. साळूबाई म्हणायची, “कविता म्हना, पर हात चालू ऱ्हाऊ द्या.” ती गेल्यावरही मी हात चालू ठेवला. ऐकायला भेंडी होती.

३. यंदा चैत्रात माझ्या डोळ्याचे ऑपरेशन नगरला झाले. जाताना नितीनला एवढेच सांगितले की संध्याकाळचे पाणी चुकवू नको. ऑपरेशननंतर जयमालाने मला तिच्याकडे श्रीरामपूरला नेले आणि आज राहा, उद्या राहा करत ठेवून घेतले. अक्षय्य तृतीयेला आळी घालायची, म्हणजे आळे करून वेलांचे बी मातीत टाकायचे, ही साळूबाईची रीत. म्हणून त्या दिवशी हट्टाने परत आलो. डोळ्यांवर काळा चष्मा होता. मागच्या दारातून अनवाणी उतरलो, तेव्हा आधी पायाला कळले. चटका बसला. जेसीबी लावून सगळे सपाट केले होते, वर सिमेंटचे ब्लॉक बसवले होते आणि त्यावर नितीनची गाडी उभी होती.

नितीन म्हणाला, “दादा, पाणी घालायची कटकट संपवली तुमची. बसा आता निवांत. उताऱ्यावर पण मोकळी जागाच आहे ना?”

जयमालाला फोन लावला. ती म्हणाली की भाजीचा टेम्पो रोज दारावर येतो, एवढ्यासाठी भावाला बोलू नका. श्रीरामपूरचा मुक्काम का लांबला, ते मला तेव्हा उमगले.

रात्री ताटात भेंडी आली. सूनबाई अश्विनीने जेसीबी यायच्या आधी तोडून फ्रिजमध्ये ठेवली होती. नितीन म्हणाला, “घ्या दादा, घरचीच आहे.” सदर वाक्य या दस्तात मुद्दाम नोंदवत आहे. माफीची तरतूद केलेली नाही.

४. झारी व खुरपे अश्विनीला द्यावे. तिने निदान भेंडी तोडून ठेवली. कवितांची जुनी क्रमिक पुस्तके नात सृष्टीला द्यावीत. ती इंग्रजी शाळेत जाते, मराठी अडखळत वाचते. चित्रे तरी पाहील.

५. शेजारी छगन पठारे याच्याशी माझे बरीच वर्षे बोलणे नव्हते. घोडेगावच्या बाजारातून त्याने आणलेली शेळी माझ्या कुंपणातून घुसायची. गवार खाल्ली, राजगिरा खाल्ला, एकदा फुलावर आलेला दोडका मुळासकट ओढला. मी छगनला चोर म्हणालो, त्याने मला कारकुंडा म्हटले. दोन्ही शब्द अद्याप मागे घेतलेले नाहीत. ब्लॉक बसल्यावर गल्लीतल्या सगळ्यांनी, आता कसे स्वच्छ झाले, म्हणून नितीनचे कौतुक केले. एकटा छगन भिंतीवरून डोकावला आणि म्हणाला, “आमरतभाऊ, माझ्या शेळीनं आता काय फरशी चाटायची व्हय? लई वंगाळ केलं पोरानं.”

परसबाग गेल्याचे दुःख एका माणसाला आणि एका जनावराला झाले. माझ्या रक्ताचे त्यांत कोणी नाही. सबब सदर मागील जागा, बोळातून येण्याजाण्याच्या वाटेसह, मी छगन यास कायम मालकी हक्काने देत आहे. हे प्रेमापोटी नाही, दोडक्याचे मी विसरलेलो नाही. माझ्यानंतर त्याने ब्लॉक उखडून नितीनला परत करावेत, ते त्याचेच आहेत. गाडी कुठे लावायची ते नितीनने पाहावे. छगनने तिथे भाजी करावी, नाहीतर नुसते गवत माजू द्यावे. मोकळी मात्र ठेवू नये.

६. साळूबाईच्या हातचे कारल्याचे, दोडक्याचे व डांगराचे बी मी या मृत्युपत्रातून वगळले आहे. मी मरेपर्यंत ते थांबले तर उगवणार नाही. म्हणून आज सकाळीच छगनच्या हातात दिले. तो म्हणाला, “लावतो गोठ्यामागं. पर शेळी बांधनार न्हाई, आधीच सांगतो.”

मी म्हणालो, नको बांधू.

येणेप्रमाणे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र मी माझ्या हाताने लिहिले, एका डोळ्याने वाचले, बरोबर आहे म्हणून साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ : राहाता, घराचा पुढचा ओटा. मागे बसवत नाही.
दिनांक : ६ मे २०२५, वैशाख

सही : अमृत सहादू गमे

साक्षीदार :
१. भागवत नामदेव कडू, निवृत्त पोस्टमन
२. ओम भीमा दंडवते, किराणा दुकानदार
(दोघांनाही यातून काही मिळणार नाही. तरी आले.)