जिवंत धरणारा पिंजरा

बाबा, परवा मी उंदराचा पिंजरा विकत आणला आणि तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जातच नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. मधे लग्नकार्यं झाली, घर बदललं, मी स्वतः आजी झाले, तेव्हा कधी असे ठाण मांडून बसला नाहीत. आणि आता एका उंदरापायी आलात. बसा मग. सांगते सगळं, कारण इथे ज्यांना खरं सांगायला हवं होतं त्यांना मी भलतंच सांगितलंय.

तुमची नात पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे. मुलगी झाली. नाक तुमचं आहे, आता बिचारी काय करणार. सव्वा महिना अजून व्हायचाय आणि मागच्या आठवड्यात पाळण्यातल्या दुपट्याचा कोपरा कुरतडलेला सापडला. दुधाचा वास लागला असणार. पोरीने ते दुपटं माझ्या तोंडासमोर धरलं. "आई, हे पाह्य. आज दुपटं खाल्लं, उद्या बाळाचं बोट खाईल." विषाला मी नको म्हटलं, माळ्यावर कुठेतरी मरून कुजेल आणि खाली तान्हं लेकरू. जावयांनी फोनवर गोंदाचा पुठ्ठा सुचवला. तो मी शेजारी पाहिलाय. उंदीर दिवसभर चिकटून चीं चीं करत होता आणि शेवटी त्यांनी तो पुठ्ठ्यासकट कचऱ्यात टाकला, जिवंतच. ते माझ्या घरात होणार नाही, असं मी सांगून टाकलं. त्यावर पोरीने बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर अशीच भाषा काढली: चार दिवसांत त्याची सोय लाव, नाहीतर मी बाळाला घेऊन सासरी जाते. ओली बाळंतीण माहेरून उंदरामुळे परत गेली, हे मी कोणत्या तोंडाने लोकांना सांगायचं? आणि लोकांचं सोडा, ते नाक डोळ्यांसमोरून जाणार, हे मला सोसवलं नसतं.

म्हणून जरीपटक्याच्या बाजारात गेले. तुमच्या वेळी पिंजरा म्हणजे एकच, तारेचा, आत आकड्याला भजं टांगायचं, खट् की झालं. आता चार प्रकार मांडून ठेवले होते. तारेच्या पिंजऱ्याची दारं मी बोटाने दाबून पाहिली. स्प्रिंग इतकी जोरात की शेपटी सापडली तर तुटेलच. जाळीची कापलेली टोकं आतल्या बाजूला वळलेली. उंदीर रात्रभर त्या जाळीला तोंड घासतो, नाक रक्ताळतं, हे तुमच्या पिंजऱ्यात मी बघितलेलं आहे. मग एक बंद डबा होता, आत अंधार, बारीक भोकं, फळीवर पाय पडला की दार हळूच खाली येतं. अंधारात तो घाबरत नाही, दुकानदार म्हणाला. मी आत हात घालून कडा चाचपल्या, भोकं पुरेशी आहेत का पाहिलं, दाणापाणी ठेवायला जागा आहे का विचारलं. शेवटी त्याचा धीर सुटला. "काकू, तुमाले उंदीर पकडाचा हाय का मेहमान ठेवाचा हाय?" सगळं दुकान हसलं. मीही हसले आणि तोच डबा घेतला. जिवंत धरतो, इजा करत नाही, असं वर छापलेलं आहे. धरल्यावर काय करायचं ते कुठेच छापलेलं नाही.

ते मला तुमच्याकडून माहीत होतं, आणि नेमकं तेच मला करायचं नव्हतं. नागपूरच्या टोकाला वाडी, तिथल्या गोदामाची राखण तुमच्याकडे, आपली खोली गोदामाच्या मागेच. मी लहान, दुपारी तुमचा जेवणाचा डबा घेऊन येते, तुरीच्या पोत्यांचा वास, दारात ट्रक लागलेला, आणि तुम्ही पाण्याच्या टाक्याजवळ उकिडवे बसलेले. पिंजरा पाण्यात, वर ओलं पोतं, आणि पोत्यावर तुमचा हात. आतली धडपड थांबेपर्यंत तुम्ही तो हात काढत नाही. मी रडत म्हणते, बाबा, सोडून द्या ना त्याला, तिकडे रस्त्यापलीकडे नेऊन सोडा. पोळा होऊन गेलेला असतो, आदल्याच दिवशी तुम्ही मला खांद्यावर बसवून मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक दाखवून आणलेली असते. तुम्ही माझ्याकडे वळता. तुम्ही कधी आवाज चढवत नव्हता, तेव्हाही नाही. "कोठी सोडू वं? ज्याच्या दाराशी सोडीन त्यानं काय पाप केलं? काल मारबत पाह्यली ना? इडापीडा घेऊन जाय म्हणतेत, पण तिले नेऊन दुसऱ्याच्या दारात उभी करतेत का? जाळतेत. आपल्या घरची पीडा आपल्याच हातानं निस्तरा लागते." मग तुम्ही हात धुतलेत, आणि डबा उघडलाच नाही. तसाच माझ्या हातात दिलात. घरी आई चिडली, बाहेर चरून आला असाल म्हणून. तुम्ही का जेवला नाहीत ते मला ठाऊक होतं, पण तुमची बाजू घ्यायला मी तयार नव्हते. तुमचा राग आला होता मला. माणसाला कधी उलट शब्द न बोलणारा माझा बाप असं करतो, हे मला पुढेही कधी नीट गिळता आलं नाही.

तर त्या नव्या डब्यात काल उंदीर सापडला. सकाळी दार पडलेलं दिसलं. भोकातून पाहिलं तर कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, मिशा हलतायत, मी ठेवलेली तेलातली भाकर सगळी खाल्लेली. काही म्हणता काही इजा नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. पोरीला म्हटलं, नेऊन सोडते. डबा कापडी पिशवीत घातला, स्कूटीवर पायांशी ठेवला आणि सगळं नागपूर ओलांडून वाडीला गेले. वाडीच का, तर तिथे गोदामं आहेत, दाणा आहे, उपाशी मरणार नाही. आणि मनात हेही होतंच की तुमच्या नाकासमोर सोडून दाखवते. आपली खोली होती तिथे आता भाड्याच्या खोल्यांची रांग आहे, वर पत्रे. मागच्या मोकळ्या जागेत मी पिशवी खाली ठेवली, डबा काढला, तोच एका खोलीतून एक पोरगी बाहेर आली. आपल्या बाळंतिणीच्याच वयाची, कडेवर लेकरू.

"काय हाय काकू त्याच्यात?" मी उंदीर म्हटलं. मला वाटलं, आता ही भांडणार, आणि भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "सोडा मंग. इथं लयच हायेत, एकानं काय होते." आणि मग मला बरं वाटावं म्हणूनच की काय, लेकराचे पाय पुढे करून हसत सांगितलं, "मी तं याले मोजे घालूनच झोपवते. मागं अंगठ्याले चावला होता." एवढ्या उकाड्यात त्या लेकराच्या पायात लोकरीचे मोजे होते. दोन दोन, एकावर एक.

बाबा, मी डबा पुन्हा पिशवीत घातला. ती म्हणाली, "काहून वं काकू?" मी स्कूटी सुरू केली. अमरावती रोडने पुढे माळरान आहे, तिकडे जावं असं मनात आलं. पण घरात वाढलेला उंदीर उघड्यावर सोडला तर संध्याकाळच्या आत घार नाहीतर कुत्रं, हे मलाही कळतं. म्हणजे मरणार तो आहेच, फक्त माझे हात कोरडे राहणार. रस्त्याच्या कडेला स्कूटी लावून मी बराच वेळ तशीच उभी राहिले. ट्रक जात होते. पायाशी पिशवीत तो मधेच हलायचा. एवढा निवडून, चाचपून, कडा तपासून डबा आणला, कुठे खरचटू नये म्हणून, आणि त्या सगळ्या दयेचं टोक हे असं निघालं. मला तुमचा राग आला, त्या पोरीचा आला, माझ्या लेकीचाही आला. लेकीचं काय चुकलं होतं?

शेवटी परत आले आणि घरामागच्या पाण्याच्या ड्रममध्ये केलं मी ते. जुनं पोतं वर घातलं. हात ठेवला. तुम्ही हात का काढत नव्हता ते तेव्हा कळलं. काढला तर वाटतं आपण तिथे नाहीच, आपोआप होतंय. फार लवकर होत नाही. तुम्ही हे मला कधी सांगितलं नाहीत. आणि डबा बंद असल्यामुळे काही दिसत नव्हतं, नुसतं हाताला कळत होतं. त्यासाठी घेतला नव्हता हो मी तो बंद डबा.

आत आले तेव्हा पोर बाळाला पाजत होती. "सोडलास?" म्हटलं हो. "कोठी?" लांब, म्हटलं. तिचा चेहरा इतका मोकळा झाला, की तेवढ्यापुरतं मला सगळं बरोबरच वाटलं. बाळाचं बोट हातात घेऊन बसले. दुपारचं ताट मी वाढलं तसंच झाकून ठेवलं, पोट जड आहे म्हणून सांगितलं. पोरीने मला ओवा दिला.

पण माळ्यावर खुडखुड अजून आहे. आणखी एक तरी आहे. डबा धुऊन उन्हात ठेवलाय, आज पुन्हा लावावा लागेल. आणि आता जे आठवतंय ते आठवायला नको होतं. सुरुवातीला अशा दिवशी तुमचा जेवणाचा डबा तसाच भरलेला परत यायचा. पुढे पुढे, पिंजरा टाक्यात बुडवलेल्या दिवशीही तो डबा खाऊन रिकामा यायला लागला. आईचं चिडणं थांबलं म्हणून मला तेव्हा हायसं वाटलं होतं. तुम्हाला काय वाटायचं, ते कोणी विचारलंच नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच सांगून टाकते. काल संध्याकाळी मला भूक लागली. दोन भाकरी खाल्ल्या, वर ठेचा मागून घेतला. गोड लागलं जेवण.