कोडैकानलचा आपला आठवडा

प्रिय अप्पा,

तुम्ही गेलात त्याला सात महिने झाले, आणि हे माझं पहिलं पत्र. आधी लिहायला हवं होतं, मान्य आहे. आजही आठवण दाटून आली म्हणून लिहीत नाही, घाबरले आहे म्हणून लिहिते आहे. वर्षातून एक आठवडा कोडैकानलची खोली देणाऱ्या त्या कंपनीचा फॉर्म आला आहे. तुमची मेंबरशिप माझ्या नावावर करून घ्यायची की सोडून द्यायची, ते लिहून फॉर्म शुक्रवारपर्यंत पोस्टात टाकायचा आहे. आज मंगळवार. फोन वाजला की मी आधी नंबर बघते, कारण त्या कंपनीतली मुलगी रोज एकदा फोन करते आणि फार गोड बोलते.

नॉमिनी म्हणून माझं नाव घालताना मला एकदा विचारावंसं नाही वाटलं तुम्हाला? रघूचं नाही घातलं, माझं घातलंत! मुलगा बंगळूरला, त्याला रजा मिळत नाही. मालू काय, घरातच आहे. असंच मनात धरलंत ना? मेंबरशिपच्या पंचवीस वर्षांतली अकरा सरली, चौदा उरली. म्हणजे मी साठीची होईपर्यंत दर वर्षी मेंटेनन्स भरायचा, आपण तिथे गेलो काय, न गेलो काय. आणि तो वाढतच जाणार, कमी झालेला मी तरी पाहिला नाही.

फॉर्मच्या शेवटी आणखी एक रकाना आहे. माझ्यानंतर कोण, असं विचारलंय. अप्पा, मी लग्न केलं नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? त्या रकान्यात मी कोणाचं नाव लिहू? कालपासून तो रिकामा रकाना डोळ्यांपुढून हलत नाही. सकाळी गॅस बंद केला का ते तीनदा पाहून आले.

सगळं त्या साडीच्या दुकानातल्या चिठ्ठीपासून सुरू झालं. नाव, फोन नंबर लिहून डब्यात टाकलीत आणि आठवड्याने बक्षीस लागल्याचा फोन आला. बक्षीस घ्यायला तंजावूरच्या हॉटेलात जोडप्यानेच यायचं, ही अट. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते, नाहीतर दारातच आडवी पडले असते. तीन तास त्या एसीच्या गारठ्यात अम्मा पदर कानाला गुंडाळून बसली होती म्हणे. आणि तुम्ही? तुम्हाला तिथे एक सोलापूरकडचा मुलगा भेटला, मराठी बोलणारा! आपण पिढ्यान्‌पिढ्या इकडचे, कुंभकोणमात घराच्या उंबऱ्याबाहेर पडलं की तमिळ बोलणार. तिथे टाय लावलेला परका मुलगा तुमच्याशी मराठीत बोलला. तुमची मराठी ऐकून तो म्हणाला, अशी मराठी मी फक्त ऐतिहासिक नाटकात ऐकलीय. तुम्हाला ते कौतुक वाटलं. मला ते फोनवर ऐकतानाच धस्स झालं होतं.

पण खरी गोम त्या मुलाच्या बोलण्यात नव्हती. त्याने तुमच्यापुढे वर्षाचा तक्ता उघडला, बावन्न आठवडे, एकेक आठवडा एकेका कुटुंबाचा, आणि तुम्हाला ते त्याच्यापेक्षा आधी कळलं. तुम्ही मला फोनवर काय म्हणालात ते अजून कानात आहे. “ही आपली मुरैच की, मालू. बावन्न घरें, त्यांत एक आपलें.”

मुरै म्हणजे आपल्या विठोबाच्या मठातली पाळी. वर्षातला एक आठवडा दिवा, नैवेद्य, झाडलोट आपल्या घराकडे. तुमच्या आजोबांकडून तुमच्याकडे आली ती. ती विकायची नसते, चुकवायची नसते. शाळेसमोरचं वह्या-पुस्तकांचं दुकान तुम्ही वर्षातून तेवढेच सात दिवस अर्धवेळ बंद ठेवायचात. आणि त्याच हिशोबाने तुम्ही डोंगरातल्या एका हॉटेलाची खोली घेऊन बसलात! अप्पा, ती खोली होती हो. देव नव्हता तिथे.

तरी खरं सांगते, त्या मुरैपायी तुम्ही सुट्टी घ्यायला शिकलात. चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा. एरवी जवळच्या मरुदानल्लूरचं भजन सोडून तुम्ही कुठे गेला असतात? पैसे भरलेत, पाळी आपली आहे, न जाऊन कसं चालेल, असं म्हणून तुम्ही निघायचात. वाटेत तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या पिळ्ळैयारापुढे, गणपतीपुढे, नारळ फोडायचा आणि मग गाडी पुढे. गॅलरीत मफलर कानाला बांधून, धुक्याकडे बघत तुम्ही कॉफी प्यायचात, तेव्हा तुमचा चेहरा दुकानातल्यासारखा नसायचा. मी पुण्याहून परत आल्यावर चार वर्षं तुमच्याबरोबर आले. तो चेहरा मी पाहिला आहे. म्हणून तर सही न करण्याचा धीर होत नाही.

निघायच्या दिवशी तुम्ही खोली स्वतः झाडायचात. खोली साफ करायला माणसं आहेत हो, म्हटलं तरी ऐकायचं नाही. ओट्यावर तेलाची बाटली, वाती, काडेपेटी आणि एक चिठ्ठी ठेवायचात: गरम पाणी यायला दहा मिनिटं लागतात, गॅलरीची कडी सैल आहे. पुढच्या घराला पाळी नीट सोपवायची, मठात सोपवतात तशी. तुमची पाठ फिरली की ते सगळं कचऱ्यात जात होतं. मी पाहिलं होतं, तुम्हाला सांगितलं नाही.

आणि ते कोइमतूरचं कुटुंब! आपण दहाला खोली सोडली, ते दोनला येणार, तर तुम्ही चार तास खाली बसून राहिलात, किल्ली हातात द्यायला. त्यांनी तुम्हाला हॉटेलचा माणूस समजून बॅगा दिल्या. तुम्ही त्या दोन जिने चढवल्या. वरून येऊन मला सांगितलंत, चांगली माणसं आहेत, लहान मूल आहे बरोबर. माझ्या वडिलांना हमाल समजले म्हणून मी वाटभर चिडले होते. तुम्हाला त्यात काहीच लागलं नव्हतं, हे मला आत्ता कळतंय.

आता एक कबुली. आपला आठवडा ठरलेला आहे असं तुम्ही शेवटपर्यंत धरून चाललात. तसं नव्हतं, अप्पा. मे महिन्यासाठी कित्येक महिने आधी पहाटे कॉम्प्युटरपुढे बसायचं, आणि पडद्यावर यायचं, खोली उपलब्ध नाही. फार तर जुलैतल्या पावसात घ्या, नाहीतर बदल्यात दुसऱ्या राज्यातलं हॉटेल घ्या. दोन वर्षं मला खोली मिळालीच नाही. तुम्ही बॅग भरून बसला होतात. मी त्याच हॉटेलात साध्या गिऱ्हाइकासारखी खोली घेतली आणि तुम्हाला म्हटलं, मिळाली आपली. सगळ्यात वाईट काय, ठाऊक आहे? ती त्या वर्षीच्या मेंटेनन्सपेक्षा स्वस्त पडली. आपण कसल्या हक्काचे पैसे भरत होतो मग?

रघूला फोन केला. तो म्हणाला, फाडून टाक, एवढा विचार काय करायचा. त्याचं ठीक आहे, नाव त्याचं नाहीये. तळ्याकाठच्या वकिलांनाही विचारलं. मी नाव लावून घेतलं नाही तर मेंबरशिप तिथेच संपेल, म्हणाले. भरलेलं परत मिळणार नाही. विकता येईल का, तर घेणार कोण, असं उलट त्यांनीच विचारलं. पण माझ्या डोक्यात वेगळंच चाललंय. मठातल्या श्रीधररावांची मुलं परदेशी गेली, त्यांनी मुरै सोडली, तेव्हा तुम्ही दोन दिवस नीट जेवला नव्हतात. त्यांचा आठवडाही तुम्ही आपल्या अंगावर घेतलात. आता मी तुमची सोडली तर तुम्ही कुठे असाल तिथे जेवणार नाही का? आणि अम्मा? वर्षातले तेच सात दिवस ती घराबाहेर असायची. ते मी तिच्याकडून काढून घेऊ?

आज बुधवार. त्या मुलीचा फोन उचलला. ती म्हणाली, सरांची इच्छा होती की कुटुंबाने हे पुढे चालवावं. तिने तुम्हाला कधी पाहिलं नसेल. तरी माझा हात पेनाकडे गेला.

इथे पत्र थांबवलं होतं. आज गुरुवार. पेन उघडलं होतं, नाव लिहिलं होतं, सही तेवढी राहिली होती. अम्मा समोर तांदूळ निवडत बसली होती. मी तिला विचारलं, तुला कोडैकानल आवडायचं का? तुम्हाला हसू येईल, पण अकरा वर्षांत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. पहिल्या करारावर सही मात्र तुमच्या खाली तिचीही आहे, तमिळ अक्षरांत.

तिने तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, “चांगलें होतें. ह्यांस आवडत होतें. पण तेथेंही मींच शिजवलें ना?”

अप्पा, ते स्वयंपाकघर! खोलीत गॅस आहे, बाहेरचं खायला नको, हा मोठा फायदा म्हणून त्या मुलाने तुम्हाला सांगितलं होतं. आपण चिंच, तांदूळ, मिक्सर, कॉफीचं फिल्टर, सगळं गाडीत घालून न्यायचो. तुम्ही आणि मी गॅलरीत, अम्मा आत. मी चार वर्षं तिच्या हातचं गरम सांबार खाऊन धुकं बघितलं, आणि मला ते दिसलं नाही.

मग तुला कुठे जायचंय, मी विचारलं. मला वाटलं, काशी म्हणेल, रामेश्वर म्हणेल. ती म्हणाली, पापनाशम्‌.

मी म्हटलं, ते तर तुझं माहेर, इथे दहा मैलांवर. गेल्याच महिन्यात आपण कमला मावशीकडे गेलो होतो.

“जवळ आहे म्हणूनच,” अम्मा म्हणाली. “एकूणपन्नास वर्षें झालीं. सकाळीं जायाचें, सांजेस दिवा लावायास परत यायाचें. मज तेथें एक रात्र कोणी राहूं दिलें नाहीं. दर वर्षीं कोडैची गाडी आमच्या दारावरून जात होती. मी कमलेस बोलिलें, बाहेर उभी रहा, हात करतें.”

मावशी उभी राहायची, अप्पा. अकरा वर्षं. तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचात, शेवटची चार वर्षं मी मागे फोनमध्ये खोलीचा निरोप बघत असायचे. आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

गेल्या महिन्यातली ती भेट मला आठवली. पाच वाजले तशी मी स्कूटर सुरू करून हॉर्न दिला. मावशीने दुसऱ्या दिवशीच्या दोशासाठी डाळ-तांदूळ भिजत घातले होते, दोघींपुरते. अम्माने ते पाहिलं आणि मागे येऊन बसली. मीही पाहिलं होतं. मला वाटलं, मावशीला एकटीला एवढं कशाला लागतं?

तुम्हाला दोष देत नाही. म्हणजे देते आहे, थोडा. तुम्ही तिला वर्षातला एक आठवडा दिलात आणि कुठला, कधी, कशासाठी, ते सगळं स्वतःच ठरवलंत. मी तरी दुसरं काय केलं? त्या रकान्यावरून आणि तुमच्या जेवणावरून तीन दिवस जीव टांगणीला लावून घेतला, पण तिला विचारायला गुरुवार उजाडावा लागला.

मी फॉर्मवर सोडत असल्याच्या चौकोनात खूण केली आहे. मठातली मुरै सोडली तर देव अंधारात राहतो, कोणाला तरी ती उचलावी लागते. ही खोली संध्याकाळच्या आत दुसऱ्या कोणाला तरी देतील, त्यांना आपली आठवणही राहणार नाही. हे मी स्वतःला पुनःपुन्हा सांगते आहे. मठातली आपली पाळी मी करीन, त्याची काळजी करू नका. पण चूक झाली असेल माझी, तर काय? परत मागता येणार नाही, तसं त्यांनी ठळक अक्षरांत छापलं आहे. उद्या पोस्टात टाकेपर्यंत मी ते शंभरदा वाचणार.

सोमवारी सकाळी अम्माला पापनाशम्‌ला नेऊन सोडते. सात रात्री राहणार आहे ती. तिने आजच दोन साड्या घडी करून ठेवल्या आणि मला विचारलं, खरेंच ना? एवढं विचारताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

सोमवारचे पाच वाजतील तेव्हा माझं काय होईल, मला ठाऊक आहे. घर रिकामं असेल. तिची गोळी राहिली का, तिथे जिना अंधारा आहे, पडली तर, असं एकेक डोक्यात येईल. स्कूटरची किल्ली हातात असेल. पण अप्पा, तुम्हाला शब्द देते. दिवा मी लावीन, आणि तिला आणायला जाणार नाही.

तुमची,
मालू