कडक चापाची तीन पिस्तुलं

तीर्थस्वरूप कॅझीदादास,

विस्कॉन्सिनहून धाकट्या फ्लोरियनचा नमस्कार. ॲरिझोनाच्या उन्हात तुझी तब्येत सुधारली असेल, डेल्फीन वहिनींचा गुडघा वाकत असेल आणि तुमच्या पायरीवर आलेला तो साप एव्हाना परत गेला असेल अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक. मका उंच झालाय. टेसाचं लग्न ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी ठरलंय आणि नातीच्या लग्नात नाचाला ती दोन हातांत धरून ओढायची पेटी, कॉन्सर्टिना, आजोबाच वाजवणार, हे मला न विचारताच सगळ्यांनी ठरवून टाकलंय. (पेटी ईस्टरपासून उघडलेली नाही. भाता दमट झालाय असं हे म्हणतात.) अक्षर बघून दचकू नकोस. पत्र माझंच आहे, मी सांगतोय आणि लिओना लिहून घेतेय, कारण माझा चष्मा सापडत नाही. (भावजी, चष्मा नाकावर आहे. लिओना.) कंसात जे काही येईल ते तिचं समज आणि सोडून दे. अठ्ठेचाळीस वर्षं मी तेच करत आलोय.

आता मुख्य गोष्ट. आपल्या गन क्लबात सेंट हेडविग चर्चच्या पिकनिकनंतरच्या रविवारी स्वस्त पिस्तुलांची स्पर्धा असते, ती तुला आठवत असेलच. पिस्तूल कुठल्या तरी सैन्याने वापरून टाकून दिलेलं हवं, आणि पहिली गोळी घोडा पाडलेला असतानाच झाडायची. अंगठ्याने घोडा आधीच मागे ओढून ठेवला की बाद. म्हणजे पहिल्या गोळीला सगळा जोर चापावरच्या बोटाला लावावा लागतो, पुढच्या गोळ्या मग आपोआप सोप्या जातात. जिंकणाऱ्याला धुरावलेला अख्खा हॅम मिळतो आणि क्लबातल्या फळ्यावर नाव चढतं. त्या फळ्यावर सहा वेळा आपलं झेलिन्स्की आहे. गेल्या वर्षी मात्र आल्विन ग्रुल्के चढला. तोच तो, पलीकडच्या शेतातला, ल्युथरन पंथाचा, ज्याच्या गायींनी आपल्या बाबांचा कोबी खाल्ला होता. माझी पहिली गोळी मागच्या वाळूच्या ढिगात गेली आणि मी तेव्हाच ओळखलं की माझ्या चेक देशाच्या पिस्तुलात दोष आहे. वर्षभर त्या फळ्याखालून जाताना मी मान वर केली नाही.

म्हणून ह्या वर्षी पोलिश पिस्तूल घ्यायचं ठरवलं. आपले आजोबा ज्या देशातून एक घोंगडं आणि एक कॉन्सर्टिना घेऊन पळाले, त्या देशाच्या सैन्याचं पिस्तूल नातवाने विस्कॉन्सिनात चालवावं, ह्यात मला काहीतरी भव्य दिसलं. जाहिरातीत लिहिलं होतं की दहा डॉलर जास्त दिलेत तर आमचा माणूस ढिगातून तुमच्यासाठी सगळ्यांत चांगलं हाताने निवडून काढेल. मी दिले. (आपल्या क्लबातल्या चौदा जणांनी तेच दहा डॉलर दिले. सगळ्यांत चांगली चौदा निघाली.) पिस्तूल गॅरीच्या दुकानात आलं, कारण बंदुका विकायचा परवाना त्याच्याकडे आहे. गॅरी गळाला लावायची गांडुळं आणि पिस्तुलं एकाच काउंटरवर विकतो, त्यामुळे फॉर्म भरताना बाही जरा जपून ठेवावी लागते.

पिस्तूल मेणकागदात गुंडाळलेलं आणि चिकट तपकिरी ग्रीझमध्ये इतकं बुडालेलं होतं की ते नळीच्या बाजूने धरलंय की मुठीच्या, हे कळायला वेळ लागला. गॅरी म्हणाला, ऊब दिली की ग्रीझ सुटतं. घरात उबेची जागा एकच, ओव्हन. (माझं कोंबडी भाजायचं मोठं भांडं. आईने दिलेलं. त्या रविवारची कोंबडी कुणी खाल्ली नाही, कुत्र्यानेसुद्धा वास घेऊन माझ्याकडे बघितलं.) असो. पिस्तूल मात्र चकचकीत निघालं. मी ते कोठारामागच्या वाळूच्या खड्ड्याशी नेलं, नेम धरला, चाप ओढला. चाप हलला नाही. पुन्हा ओढला. थोडा आला आणि थांबला. पोलिश सैन्यात ज्याने कुणी हे बनवलं, त्याचा त्या दिवशी नक्की पगार थकला असणार.

मी गॅरीकडे गेलो. त्याने खोक्यात नेम धरून रिकाम्या पिस्तुलाचा चाप टकटक तीनदा ओढला आणि म्हणाला, "फ्लोरी, कडक आहे खरं. सगळीच पोलिश कडक असतात. सवय होईल." गॅरीचा हात दिवसभर मासे ओढतो, त्याचं काय सांगावं. मी दुसरं मागवलं. तेही तसंच. तिसऱ्याच्या वेळी गॅरीने फॉर्म पुढे सरकवला आणि बराच वेळ गांडुळांच्या डब्याची झाकणं नीट करत बसला. मग म्हणाला, "काका, पिस्तूल बदलून काही होईल असं मला वाटत नाही." हे पोर मी डायपरमध्ये बघितलेलं आहे. मी त्याला म्हटलं, तू गांडुळं वीक.

तिसरंही हलेना. मी खड्ड्याशी उभा राहून त्याच्याशी पोलिशमध्ये बोलत होतो, तेवढ्यात लिओना भांडं परत मागायला आली. हाताला पीठ तसंच होतं. म्हणाली, "बघू इकडे." घेतलं, एका बोटाने ओढलं, आणि खांबावरचा सोड्याचा रिकामा डबा उडाला. पिस्तूल माझ्या हातात परत देऊन, "भांडं कुठाय?" म्हणाली. आता तूच सांग, मी तासभर ओढून ओढून चाप सैल करून ठेवला होता म्हणूनच तिला ते जमलं की नाही? (भावजी, ह्या घरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं मार्चपासून मीच उघडते. त्यांच्या शर्टाची वरची बटणंही. मी काही बोलत नाही.) हे वाक्य मी तिला खोडायला सांगितलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी सगळा गाव होता. माझा नंबर आला. मी तिन्हींतलं सगळ्यांत सज्जन पिस्तूल आणलं होतं. नेम धरला. पहिल्या गोळीला अर्धं मिनिट देतात. ते अर्धं मिनिट किती लांब असतं हे मला आजवर ठाऊक नव्हतं. एक बोट लावलं, मग दोन लावली. मागून आल्विन म्हणाला, "काय रे फ्लोरियन, अंड्यांवर बसवलंयस का त्याला?" लोक हसले. मीही हसलो. आणि दादा, बोट वाकेना. माझंच बोट, पण ते ऐकेना. मी पिस्तूल खाली ठेवलं आणि जाहीर केलं की आतली स्प्रिंग गेली.

पंच म्हणाला, घरातलं दुसरं कुणी त्याच पिस्तुलाने नेमबाजी करणार असेल तर नियमात बसतं. लिओनाने बटाट्याच्या सॅलडवरचं झाकण बंद केलं, ॲप्रन काढून खुर्चीवर ठेवला आणि आली. पुढचं लांबवत नाही. आल्विन दोन गुणांनी मागे पडला. फळ्यावर नुसतं आडनावच लिहितात, त्यामुळे तिथे सातव्यांदा झेलिन्स्की चढलंय आणि मी मान वर करून फिरतो. (पेंटरला सांगून मी आडनावाआधी माझं एल लिहून घेतलं आहे. लहान आहे, पण आहे.)

एकच गोष्ट मनात खुपली. नंतर बाकावर बसलो असताना आल्विन दोन बिअर घेऊन आला. माझ्या बाटलीचं झाकण त्याने न विचारता उघडून दिलं, बाटली माझ्यासमोर ठेवली आणि पावसाबद्दल बोलत बसला. टोमणा नाही, काही नाही. एवढा राग मला गेल्या वर्षी हरलो तेव्हाही आला नव्हता. बिअर प्यायलो मात्र.

डेल्फीन वहिनींना आठवण सांग. सापाला माझ्यातर्फे काही सांगू नकोस.

तुझा धाकटा,
फ्लोरियन

ता. क. पत्राचा खरा हेतू सांगायचा राहिला. तुला तीन पोलिश पिस्तुलं हवी आहेत का? हाताने निवडलेली आहेत. गॅरी तुमच्याकडच्या परवान्यावाल्या दुकानदाराकडे रीतसर पाठवेल.

ता. क. दोन. (घेऊ नका. लिओना.)

ता. क. तीन. हे मी स्वतः लिहितोय. लिओना अंडी गोळा करायला गेलीय. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच, मला पुन्हा लिहिता येणार नाही. भाता दमट नाही. भाता उत्तम आहे. बटणं दाबली जात नाहीत. टेसाला मी ती सात वर्षांची असताना तिच्या लग्नात वाजवायचा शब्द दिलाय आणि ती अजून तो लोकांना सांगते. दादा, तू ऑक्टोबरात ये. बाबांची एकच पेटी होती तेव्हा आपण एका बाकावर बसून एकेक बाजू वाजवायचो, आठवतं? तसंच बसू. ह्या वेळी दोन्हीकडची बटणं तू दाब. ओढणं-ढकलणं मला अजून जमतं, भाता मी हलवीन. लांबून कुणाला कळणार नाही. लिओनाला तर मुळीच कळता कामा नये.

(भावजी, पाकीट चिकटवायच्या आधी मी नेहमी वाचते. ह्या सात-आठ ओळींना त्यांना पाऊण तास लागला. मी बाहेरून खिडकीतून बघत होते आणि अंडी गोळा करून झाली तरी खुराड्यापाशी तेवढा वेळ उभी होते. या. बाक मी पुसून ठेवलाय.)